दहावीचा अर्ज भरण्याआधी एवढं करा

गौरी-गणपती उरकले की माध्यमिक शाळांच्या ऑफिसात दहावी-बारावीच्या अर्जांची लगबग सुरू होते. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात, माध्यम, विषय असं एकेक भरत क्लार्क खाली येतो आणि दिव्यांगत्वाच्या रकान्याशी पोचतो. वर्गात कुणाच्या हाती पांढरी काठी नाही, कुणी चाकाच्या खुर्चीवर नाही. मग विचारायचं कुणाला? रकाना तसाच सोडून तो पुढच्या नावाकडे वळतो. तिथेच एखाद्या मुलाचा लेखनिक जातो, जादा वेळ जातो, तळमजल्यावरची खोली जाते. त्या मुलाला याचा पत्ता लागतो थेट फेब्रुवारीत, घंटा झाल्यावर, अर्धा पेपर कोरा असताना कुणीतरी हातातून उत्तरपत्रिका ओढून घेतं तेव्हा.

म्हणून हे आवाहन आत्ता करते आहे. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा या आठही तालुक्यांतल्या मुख्याध्यापकांना, वर्गशिक्षकांना, आईवडिलांना, सरपंचांना आणि नववीत शिकणाऱ्या मुलामुलींनाही. अर्ज मंडळाकडे जाण्याआधी आपल्या शाळेतल्या अशा मुलांची नावं शोधा आणि त्यांचे कागद पुरे करा. त्यासाठी हाताशी फार थोडे आठवडे आहेत.

आधी हक्काचं सांगते, कारण शाळेत गेल्यावर पालकांना पहिलं उत्तर मिळतं ते 'असं काही नसतं' हे. असतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून देशभर लागू आहे. त्याच्या सतराव्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की दिव्यांग विद्यार्थ्यांच्या गरजेनुसार परीक्षा पद्धतीत बदल करायचे, पेपरला जादा वेळ द्यायचा, लेखनिक द्यायचा, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट द्यायची. 1995 च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. नव्या कायद्यात 21 आहेत. अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग ही मुलं आपल्याला ओळखू येतात. पण त्या 21 मध्ये मेंदूचा पक्षाघात म्हणजे सेरेब्रल पाल्सी आहे, स्वमग्नता आहे, स्नायूंचे आजार आहेत, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. बुद्धी शाबूत असून वाचन, लेखन किंवा आकडेमोड यांतच मूल अडतं, ती ही अध्ययन अक्षमता.

वेळेचा हिशेब सोपा आहे. केंद्र सरकारच्या 29 ऑगस्ट 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान 20 मिनिटं जादा द्यायची. दहावीला भाषेचा पेपर तीन तासांचा, तिथं पूर्ण एक तास वाढतो. गणित आणि विज्ञानाचे दोन-दोन भाग, प्रत्येक दोन तासांचा, तिथं 40 मिनिटं. सगळ्याच मुलांना शेवटी मिळणारी दहा मिनिटं या हिशेबात धरायची नसतात. हे सांगावं लागतं, कारण 'दहा मिनिटं दिलीच की' असं म्हणणारे पर्यवेक्षक भेटतात.

घनसावंगी तालुक्यातल्या एका शाळेत आठवीच्या एका मुलाची मराठीची वही पाहिली. 'घर' लिहायचं तिथं 'धर'. 'भाकरी'ची 'माकरी'. 'ख' मधोमध तुटून 'र' आणि 'व' वेगवेगळे पडलेले. जोडाक्षर आलं की त्या जागी मोकळी जागा, म्हणजे आपल्याला हे जमणार नाही हे ठाऊक असल्यासारखी मुद्दाम सोडलेली. ओळ डावीकडून सुरू होऊन पानाच्या कडेला खाली घसरलेली. आणि प्रत्येक पानावर लाल शाईत 'अक्षर सुधारा', 'लक्ष दे', 'पालकांची सही आणणे'. त्याच मुलाला बाहेर नेऊन मोसंबीचं विचारलं. बहार धरायच्या आधी बागेचं पाणी कधी तोडायचं, किती दिवस ताण द्यायचा, पानगळ किती झाली की खत टाकून पाणी सोडायचं, जास्त ताण बसला तर झाड कसं वाळतं, आंबिया बहार आणि मृग बहार यांत बाजाराला कुठला बरा पडतो, हे सगळं तो न अडखळता बोलला. मध्येच त्यानं स्वतःहून हिशेब केला, इतक्या झाडांना इतके कॅरेट. त्या वहीवर मात्र 35 पैकी सहा गुण होते.

या मुलाला शाळेत 'ढ' म्हणतात. घरी 'आळशी' म्हणतात. तो ढही नाही आणि आळशीही नाही. त्याच्या डोक्यातलं ज्ञान कागदावर उतरायच्या वाटेत अडतं, आणि ती वाट मोकळी करून देणं कायद्यानं शाळेवर आणि मंडळावर सोपवलं आहे. 2007 साली अमोल गुप्ते यांनी लिहिलेला 'तारे जमीन पर' आला तेव्हा गावागावातल्या मास्तरांनी, आयांनी डोळे पुसत तो पाहिला. आपल्याच वर्गातला, आपल्याच घरातला तो मुलगा मात्र अनेकांना अजून दिसलेला नाही.

दिसत नाही याला एक कारण आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजारांच्या आसपास दिव्यांग नोंदले गेले. त्या मोजणीत आठ प्रकार होते आणि अध्ययन अक्षमता त्यात नव्हतीच. जालना जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा साडेएकोणीस लाखांच्या वर होती. इतक्या माणसांत या मुलांची वेगळी मोजदादच झाली नाही, तर शाळेच्या यादीत ती येणार कुठून?

आणि इथं मला राग येतो तो एका गोष्टीचा. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात महाराष्ट्रानं 1996 मध्येच केली. देशातल्या अनेक राज्यांच्या कितीतरी आधी. मुंबईत शीवच्या पालिका रुग्णालयासारख्या ठिकाणी या मुलांच्या तपासणीचे खास विभाग उभे राहिले. मुंबई-पुण्याच्या बऱ्या शाळांत समुपदेशक असतात, पालक स्वतः चौकशी करतात, सातवी-आठवीत कागद तयार असतात. मंठ्याचा मुलगा आणि माटुंग्याचा मुलगा एकाच मंडळाची, एकाच दिवशी, एकच प्रश्नपत्रिका सोडवतात. नियमही दोघांना एकच. एकाच्या शाळेला तो ठाऊक आहे, दुसऱ्याच्या शाळेला नाही, एवढ्यावर दोघांचे निकाल वेगळे लागावेत हे मला मान्य नाही. तुम्हालाही मान्य नसावं.

आता कागदांचं. यात सगळा घोळ होतो, म्हणून जरा सावकाश सांगते.

पहिला कागद दिव्यांग प्रमाणपत्राचा. आता ते यूडीआयडी कार्डाच्या ऑनलाइन नोंदणीतून मिळतं. स्वावलंबनच्या संकेतस्थळावर अर्ज, मग जिल्हा रुग्णालयात तपासणी. आधार कार्ड, फोटो, रहिवासाचा पुरावा आणि आधीचे दवाखान्याचे कागद सोबत असू द्या. अस्थिव्यंग, दृष्टी आणि श्रवण यांच्या तपासण्या त्या मानानं सरळ असतात. अध्ययन अक्षमतेला वेळ लागतो. बालरोगतज्ज्ञानं डोळे-कान ठीक आहेत ना हे पाहायचं, मानसशास्त्रज्ञानं बुद्ध्यंक काढायचा, मग वाचन-लेखन-गणिताच्या ठरावीक चाचण्या घ्यायच्या. हे एका फेरीत होत नाही. जिल्हा रुग्णालयात त्या दिवशी यातलं काही होणार नसेल तर नुसतं 'पुढच्या बुधवारी या' यावर परत फिरू नका. कुठं पाठवत आहात, कुणाला भेटायचं, हे लेखी मागा. जाफराबादहून किंवा मंठ्याहून जालन्याला यायचं म्हणजे एका माणसाची दिवसाची मजुरी आणि दोघांचं एसटीचं तिकीट. सरकारी हेलपाट्यांत सगळ्यात आधी थकतो तो मजुरी बुडवून आलेला बाप.

या प्रमाणपत्रात एक मेख आहे आणि तिच्यात पुष्कळ जण अडकतात. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मूल आठ वर्षांचं झाल्यावर मिळू शकतं, पण ते कायमचं नसतं. चौदाव्या वर्षी फेरतपासणी करावी लागते आणि पुन्हा अठराव्या वर्षी. म्हणजे तिसरी-चौथीत मोठ्या खटपटीनं काढलेला कागद नेमका नववी-दहावीच्या तोंडावर संपतो. ट्रंकेत जपून ठेवलेलं प्रमाणपत्र आज काढून त्यावरची तारीख पाहा. तारीख उलटली असेल तर लगेच फेरतपासणीला लावा.

मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या भागांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत. मायबाप कारखान्यावर, मूल आजीजवळ. तपासणीच्या दिवशी पालक हवा असतो. कोयता घेऊन निघायच्या आत ही एक फेरी उरकून घ्या, नाहीतर आजी-आजोबांना लेखी अधिकार देऊन जा. मुकादमाची उचल घेतल्यावर मधेच परत येणं किती अवघड असतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरा कागद शाळेचा. मंडळाच्या अर्जात दिव्यांगत्वाची नोंद करायची आणि त्यासोबत सवलतींचा प्रस्ताव आपल्या विभागीय मंडळाकडे, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला, मुख्याध्यापकांच्या सहीनं पाठवायचा. कुठली सवलत हवी ते स्पष्ट लिहायचं. लेखनिक हवा की नुसता जादा वेळ? मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका? आकृत्या आणि नकाशांऐवजी पर्यायी प्रश्न? तळमजला? 'सर्व सवलती मिळाव्यात' असं मोघम लिहू नका. प्रस्तावाची पोच घ्या. मंजुरीचं पत्र आलं की त्याची एक प्रत पालकांना द्या, एक परीक्षा केंद्राला. अमुक मुलाचा प्रस्ताव गेला आहे असं तोंडी सांगून मोकळे होणारे मुख्याध्यापक आहेत, आणि मग हॉलतिकीट आल्यावर कळतं की गेलाच नव्हता.

तिसरी गोष्ट 40 टक्क्यांची. 'तुमच्या मुलाला 40 टक्के नाही, त्याला लेखनिक नाही' असं सांगून कुणी परत पाठवलं तर त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा 11 फेब्रुवारी 2021 चा निकाल दाखवा. विकास कुमार नावाच्या तरुणाला लिहिताना हाताला पेटके येत. केंद्रीय लोकसेवा आयोगानं त्याला लेखनिक नाकारला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं सांगितलं की लेखनिकाची सोय फक्त 40 टक्क्यांवरच्यांसाठी अडवून ठेवता येणार नाही. लिहिण्यात खरी अडचण असेल तर टक्का आड येऊ नये. पुढं 10 ऑगस्ट 2022 ला केंद्रानं अशा उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या आणि सरकारी रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर त्यांना लेखनिक घेता येईल असं ठरलं.

आणखी एक निकाल सांगायचा आहे, आणि तो सांगताना मन कचरतं. अवनी प्रकाश या मुलीला डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली अक्षमता. तिनं 'नीट' दिली. तिला हक्काचा जादा एक तास मिळाला नाही, वेळ संपली म्हणून उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. 23 नोव्हेंबर 2021 ला न्यायालयानं निकाल दिला की तिच्यावर अन्याय झाला, परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेची चूक होती. तरी तिच्यासाठी परीक्षा पुन्हा घ्या असा आदेश न्यायालयानं दिला नाही. चुकीचं परिमार्जन कसं करायचं ते यंत्रणेनं ठरवावं एवढंच सांगितलं. देशातलं सर्वांत मोठं न्यायालय बाजूनं उभं राहूनही तिला तो तास परत मिळाला नाही. आपल्या जिल्ह्यातला शेतमजूर दिल्लीला जाणार नाही. त्यानं जायची वेळच येऊ देऊ नका.

लेखनिकाबद्दल लोकांच्या मनात एक चित्र असतं, की शेजारी हुशार मुलगा बसतो आणि उत्तरं लिहितो. प्रत्यक्षात काय होतं ते पाहिलं तर हा गैरसमज जाईल. लेखनिक एक इयत्ता खालचा असतो, म्हणजे दहावीच्या मुलाला नववीचा. दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरणं आहेत. नववीच्या मुलानं ती शिकलेलीच नसतात. परीक्षार्थी सांगतो, 'एक्स वर्ग अधिक पाच एक्स अधिक सहा बरोबर शून्य.' लेखनिक लिहितो 'दोन एक्स'. परीक्षार्थीला दिसत असेल तर तो म्हणतो, 'नाही नाही, एक्सच्या डोक्यावर दोन, बारीक.' दिसत नसेल तर चूक तशीच राहते. भूमितीत तर 'कोन एबीसी' सांगताना मधलं अक्षर शिरोबिंदूचं आहे हे लेखनिकाला माहीत नसेल तर आकृतीच फिरते. विज्ञानाच्या समीकरणात बाण कुठं, आकडा अक्षराच्या आधी की पायाशी, हे सगळं शब्दांनी सांगावं लागतं. हे कौशल्य आहे, आणि ते सरावाशिवाय येत नाही. जो मुलगा दहा वर्षं स्वतःच्या हातानं धडपडत लिहीत आला, त्याला मार्चमध्ये पहिल्यांदा लेखनिक दिला तर तो बोलायलाच लाजतो.

म्हणून मुख्याध्यापकांना हात जोडून विनंती आहे: सहामाही परीक्षेपासूनच लेखनिक द्या. घटक चाचणीला द्या. पूर्वपरीक्षेला तर द्याच. जोडी जुळू द्या. लेखनिक आयत्या वेळी आजारी पडला तर दुसरा कोण, हेही आधी ठरवून त्याचे कागद पाठवा. आणि ही सराव-बैठक वेगळ्या खोलीत घ्या, म्हणजे मुलाला मोठ्यानं बोलता येईल आणि बाकीच्यांनाही त्रास होणार नाही.

नववीच्या मुलामुलींनो, तुमच्याकडेही मागणं आहे. तुमच्या गावात, शेजारच्या वाडीवर असा कुणी असेल तर त्याचे लेखनिक व्हा. यात तुमचं नुकसान नाही. पुढच्या वर्षीचा पेपर कसा असतो, वेळ कसा जातो, हे तुम्हाला वर्षभर आधी कळेल. आणि त्यांच्या आईवडिलांनो, 'आमच्या पोराचा अभ्यास बुडंल', 'उगाच कॉपीच्या लफड्यात सापडंल' म्हणून नाही म्हणू नका. परवानगीचं पत्र हातात असलेल्या लेखनिकाला कुणी काही करू शकत नाही. त्यानं एवढंच करायचं, सांगितलं तेच लिहायचं, आपल्या मनाचं एक अक्षर घालायचं नाही.

कॉपीचा विषय निघाला आहे तर तेही बोलायला हवं, कारण आपल्या जिल्ह्यापुरता तो नाजूक आहे. 2025 च्या दहावीच्या पहिल्याच पेपरला, 21 फेब्रुवारीला, बदनापुरातून मराठीच्या पेपरची उत्तरं बाहेर फिरत असल्याच्या बातम्या आल्या आणि जालन्याचं नाव राज्यभर झालं. त्यानंतर बंदोबस्त वाढला, भरारी पथकं, बैठी पथकं, कॅमेरे आले. ते व्हायलाच हवं. कॉपीमुळे सगळ्यात आधी मेहनत करणाऱ्या मुलाचं नुकसान होतं. पण या कडकपणात एक नवा धोका आहे. पथकातल्या माणसाला एका बाकावर दोघं दिसतात, एक बोलतो आहे आणि दुसरा लिहितो आहे, आणि त्याचा आवाज चढतो. ज्याचे हात आधीच थरथरतात, ज्याला बोलायला वेळ लागतो, त्या मुलाचा त्या दोन मिनिटांत सगळा धीर सुटतो, आणि पुढचा अर्धा तास वाया जातो. केंद्रसंचालक पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी पर्यवेक्षकांची बैठक घेतात तेव्हा त्यांनी या मुलांचे बैठक क्रमांक आणि मंजूर सवलती मोठ्यानं वाचून दाखवाव्यात. पथकं आली की दारातच पत्र दाखवावं. आणि जादा वेळ घेणाऱ्या मुलाच्या खोलीवरचा पर्यवेक्षक व शिपाई तो वेळ संपेपर्यंत जागेवर असावेत. बाकीचे गठ्ठे बांधून तयार आहेत, गाडी थांबली आहे, 'आटप रे बाबा' असं त्या मुलाला ऐकवलं जाऊ नये.

खोटी प्रमाणपत्रं निघतात, हेही खरं आहे, आणि ती काढणाऱ्यांची गय करू नये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 91 व्या कलमात अशा लबाडीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. त्या द्या. पण चार लबाडांच्या रागापोटी खऱ्या मुलाकडे संशयानं पाहायचं, हे बरोबर नाही.

एका सवलतीबद्दल मात्र पालकांना सावध करायचं आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित घेऊन सोबत कार्यानुभवासारखा विषय घेण्याची मुभा महाराष्ट्रात आहे. ज्याला आकडेच उमजत नाहीत, त्याच्यासाठी हे मोठं वरदान आहे. त्याच्यामुळे अनेक मुलं दहावी पार करून कला शाखेत, कौशल्याच्या अभ्यासक्रमांत गेली. पण हा पर्याय घेतला की पुढं विज्ञान शाखा, तंत्रनिकेतन यांसारखे रस्ते बंद होतात. मुलाला लिहिणं जमत नाही पण गणित कळतं, असं असेल तर त्याला लेखनिक आणि वेळ द्या, त्याचं गणित काढू नका. वर मोसंबीचा हिशेब तोंडी करणाऱ्या मुलाचं सांगितलं, त्याच्या बाबतीत ही चूक सहज होऊ शकते. निकाल चांगला लागावा म्हणून शाळेनं परस्पर हा पर्याय भरू नये. पालकाला समोर बसवून, पुढं काय बंद होतं ते सांगून, मग त्याची सही घ्यावी. भाषेच्या सुटीचंही तसंच. कर्णबधिर मुलांसाठी ती फार गरजेची आहे, पण ती घेण्यापूर्वी विचार करून घ्या.

निकालाचा विषय निघाल्यावर दुसरी एक पद्धतही बंद करायला सांगायला हवी. शंभर टक्के निकालाचा फलक लागावा म्हणून कच्च्या मुलाला नववीतच अडकवायचं, किंवा दाखला देऊन '17 नंबर भर' म्हणून बाहेर काढायचं. ज्याला सवलतीची सगळ्यात जास्त गरज, तोच असा शाळेच्या हजेरीपटावरून गळतो, आणि बाहेरून बसल्यावर त्याचा प्रस्ताव करायला कुणी वाली राहत नाही. हे करणाऱ्या शाळांची नावं मी इथं लिहीत नाही. त्यांना ती ठाऊक आहेत.

दहावीपर्यंत थांबायचंही कारण नाही. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे आणि फेरपरीक्षेतही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात राहतं. म्हणजे वाचनात अडणारं मूल आता दहाव्या-अकराव्या वर्षीच नापासाचा शिक्का घेऊ शकतं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना एनसीईआरटीचं 'प्रशस्त' हे अॅप 2022 पासून उपलब्ध आहे. त्यातल्या प्रश्नावलीवरून कुठल्या मुलाची पुढं तपासणी करावी हे पहिलीपासूनच लक्षात येतं. ते फोनमध्ये नुसतं डाउनलोड करून आकडा भरण्यापुरतं वापरू नका. एखादं नाव पुढं आलं की त्या मुलाच्या घरी जा. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2021 मध्ये सांगितलं आहे की प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक आणि माध्यमिकला पंधरांमागे एक विशेष शिक्षक हवा. राज्यानं 2024 मध्ये केंद्रशाळांसाठी विशेष शिक्षकांची 4860 पदं उभी करण्याचा निर्णय घेतला. आपल्या केंद्राला तो शिक्षक मिळाला का, आठवड्यातून किती वार तो शाळेत येतो, हे ग्रामसभेत विचारायला हवं. शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी हा प्रश्न गट शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारावा.

जालना म्हणजे सोन्याचा पाळणा, असं आपण बाहेर मोठ्या अभिमानानं सांगतो. स्टील, बियाणं, मोसंबी, सगळं आहे. 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना जाहीर विनंती आहे की ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत अध्ययन अक्षमतेच्या तपासणीचा एक ठरलेला वार जाहीर करा. शक्य असेल तर भोकरदन, अंबड आणि परतूरला शिबिरं घ्या, म्हणजे आठही तालुक्यांची मुलं एका दारात रांगा लावणार नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांनी आणि माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांनी एक साधं पत्रक काढावं, प्रत्येक शाळेनं आपल्याकडे अशी किती मुलं आहेत आणि कितींचे प्रस्ताव गेले ते ठरलेल्या तारखेपर्यंत कळवावं. शून्य लिहून पाठवणाऱ्या शाळेला पुन्हा विचारावं. सहाशे पटाच्या शाळेत एकही मूल नाही, हे खरं वाटण्यासारखं आहे का?

आणि कुणी अडवलंच तर गप्प बसू नका. आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, त्याची पोच. मग शिक्षणाधिकारी. मग विभागीय मंडळ. तिथंही दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार. प्रत्येक सरकारी कार्यालयात दिव्यांग हक्क कायद्याखाली तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा, त्याचं नाव विचारा. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्रानं दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग काढला. त्या विभागाला आपली दखल घ्यायला लावा.

वर्गशिक्षकांनो, उद्या हजेरी घेताना एकेका नावापाशी थोडं थांबा. कोण फळ्यावरचं उतरवून घ्यायला सगळ्यात शेवटी राहतो, कोण तोंडी सगळं सांगतो आणि चाचणीत कोरा कागद देतो, कोण पहिल्या बाकावर बसूनही डोळे बारीक करतो, कोणाला मागून हाक मारली तर ऐकू जात नाही, कोणाला झटके येतात म्हणून घरचे सांगायला लाजतात. त्यांची नावं एका कागदावर लिहा, मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा आणि त्याच दिवशी घरी निरोप पाठवा. पालकांनो, निरोप यायची वाट न पाहता या आठवड्यातच शाळेत जा आणि अर्जातला दिव्यांगत्वाचा रकाना कसा भरला आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. चुकीचा भरला असेल तर अर्ज पुढं जाण्याआधी दुरुस्त करून घ्या. अर्जांची मुदत संपली की ही दुरुस्ती फार अवघड होते.